दाताची खोबण रिकामी झाल्यावर

गोपाळकाल्याला लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांत थरांवर थर लागतात आणि दर वर्षी काही गोविंदांना के.ई.एम. नाहीतर नायर रुग्णालयात न्यावे लागते. हात मोडला, खांदा निखळला, की त्याची बातमी होते. दाताची होत नाही. पण थर कोसळताना वरच्या गड्याची टाच किंवा गुडघा खालच्याच्या तोंडावर बसला, तर वरच्या जबड्यातले पटाशीचे दात हमखास दुखावतात, कधी मुळासकट बाहेर येतात. शिवाजी पार्कवर अंगावर उसळलेला चेंडू हेच काम वर्षभर करीत असतो.

गेलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवता येतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. जबड्याच्या हाडात टिटॅनियमचा एक स्क्रू बसवायचा, तो हाडात पक्का झाला की त्यावर दाताच्या रंगाची कॅप चढवायची. याला दंतरोपण म्हणतात. बोलण्यात सगळे ‘इम्प्लांट’च म्हणतात. असा दात बसवल्या दिवशी सुंदर दिसतो यात नवल नाही. दहा वर्षांनी तो कसा दिसेल, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कॅपच्या रंगात नसून हिरडीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या हाडात असते. हिरडी ही हाडावर अंथरलेल्या चादरीसारखी आहे. खालचे हाड २ मिलिमीटर खचले की चादरही खाली बसते. दात लांबोडा दिसू लागतो, दोन दातांमध्ये काळी फट पडते आणि कधी धातूची राखाडी छटा डोकावते.

म्हणून ‘दात कसा बसवायचा’ यापेक्षा ‘हाड कसे राखायचे’ हा प्रश्न अधिक अवघड आहे. वरवर तो वैद्यकाचा वाटतो. पण त्यात पदार्थविज्ञानाचा भाग इतका मोठा आहे की अकरावीच्या पुस्तकातले प्रतिबल, विकृती, परिबल, विशिष्ट उष्णता आणि अनुस्पंदन हे सारे एका दाताभोवती गोळा झालेले आपल्याला दिसेल.

हाड म्हणजे दगड नव्हे

प्रयोगशाळेतला सांगाडा पाहून आपली अशी समजूत होते की हाड ही एकदा घडवून ठेवलेली वस्तू आहे. जिवंत हाड तसे नसते. त्यात एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवत असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे रचत असतात. पाडकाम आणि बांधकाम दोन्ही जन्मभर चालू असते. कोणते काम पुढे जाईल, हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे त्या हाडावर पडणारा भार.

१८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये मायर नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवीत असताना कुलमान नावाच्या स्थापत्य अभियंत्याने तो पाहिला. हाडाच्या डोक्यातील बारीक तुळयांची मांडणी पाहून त्याला आपण आखत असलेल्या याऱ्यातील प्रतिबलांच्या रेषा आठवल्या. पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी हाड भाराप्रमाणे आपली रचना बदलते हा नियम ग्रंथरूपाने मांडला. १९८७ मध्ये अमेरिकेतील हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी या नियमाला आकड्यांची जोड दिली.

ते आकडे समजण्यासाठी विकृती म्हणजे काय ते आठवा. १ मीटर लांबीची पट्टी ताणली आणि ती १ मिलिमीटरने वाढली, तर विकृती एक हजारांश झाली. तिलाच १००० सूक्ष्मविकृती म्हणू. फ्रॉस्ट यांच्या मते हाडातील विकृती साधारण १०० सूक्ष्मविकृतींच्याही खाली राहू लागली, तर शरीर ते हाड निकामी समजून काढून नेते. १००० ते १५०० च्या वर गेली तर हाडात भर घालते. ३००० च्या वर सूक्ष्म तडे दुरुस्तीच्या वेगापेक्षा लवकर साचू लागतात. हाड प्रत्यक्ष मोडते ते २५,००० च्या आसपास. हे आकडे तराजूत तोलून घेतल्यासारखे नेमके नाहीत, पण त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. अंतराळवीर भारहीन अवस्थेत राहतात तेव्हा त्यांच्या कमरेच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. तिथे रोग नसतो, भार नसतो इतकेच.

आता हेच जबड्याला लावून पाहा. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. त्याचे मूळ आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा एक पडदा असतो आणि त्यातील असंख्य तंतू एका टोकाने मुळात, दुसऱ्या टोकाने हाडात रुतलेले असतात. दात या तंतूंवर झोळीसारखा टांगलेला असतो म्हणा ना. तुम्ही चण्याचा दाणा फोडता तेव्हा दात किंचित खाली दबतो, तंतू ताणले जातात आणि खोबणीच्या भिंतीला दिवसातून शेकडो वेळा हलकी ओढ बसते. याच पडद्यातल्या रक्तवाहिन्या त्या भिंतीला रक्तही पुरवतात.

दात गेला की ओढ गेली आणि रक्ताचा एक पुरवठाही गेला. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूची भिंत बहुतेक माणसांत १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. एवढ्या पातळ हाडात मज्जेला जागा नसते, म्हणजे आतूनही रक्त नाही. अशी भिंत काही आठवड्यांतच विरू लागते. दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांच्या मोजमापांत असे आढळले की वर्षभरात कडेची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होते आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. सगळे दात गेलेल्या आजोबांची हनुवटी नाकाच्या जवळ का येते, कवळी दर काही वर्षांनी सैल का होते, याचे कारण हेच. कवळी हाडाला वरून दाबते. ओढ देत नाही. शेजारच्या दोन दातांवर आधारलेला ‘ब्रिज’ बसवला तर फट दिसत नाही, पण त्याच्या खाली हाड जायचे ते जातच राहते.

पडलेला दात दुधात

पुढे जाण्यापूर्वी एक निकडीची गोष्ट. ती कदाचित याच वर्षी तुमच्या शाळेच्या मैदानावर उपयोगी पडेल.

कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो टाकून देऊ नका. त्याच्या मुळावर त्या पडद्याच्या जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. दात कॅपच्या, म्हणजे दिसणाऱ्या भागाकडून धरा. मूळ बोटांनी चोळू नका, रुमालाने पुसू नका. माती लागली असेल तर क्षणभर गार पाण्याच्या धारेखाली धरा आणि शक्य असेल तर तिथेच खोबणीत परत बसवून रुमाल हलकेच चावून धरा. ते जमले नाही तर दात गार दुधात टाका. मुंबईत कोणत्याही नाक्यावर चहाची टपरी असते. तिथले न तापवलेले दूध चालेल. पाण्यात मात्र ठेवू नका. साध्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे परासरणाने पाणी पेशींत शिरते, त्या फुगतात आणि फुटतात. दुधातील क्षारांचे प्रमाण पेशींना मानवणारे असते. नंतर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्य गाठायचा. मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत. खाली येऊ घातलेल्या कायमच्या दाताला इजा होण्याची भीती असते.

मुळावरच्या पेशी जगल्या तर पडदा पुन्हा जुळतो आणि पुढचे सारे टळते. शिक्षकांनी ही माहिती वर्गात एकदा तरी सांगावी. प्रथमोपचाराच्या पेटीत आयोडिन आणि पट्टी असते, पण दाताचे काय करायचे हे बहुधा कोणालाच माहीत नसते.

दात वाचला नाही तर? तरीही पंधरा वर्षांच्या मुलाला लगेच रोपण करीत नाहीत. रोपणाला तो ०.२ मिलिमीटरचा पडदा नसतो. ते हाडाला थेट जखडलेले असते. जबडा वाढताना शेजारचे दात हळूहळू खाली सरकत येतात, रोपण मात्र ठोकलेल्या खिळ्याप्रमाणे जिथे आहे तिथेच राहते आणि काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारणपणे अठरा वर्षांपर्यंत आणि मुलांच्या बाबतीत पुष्कळदा त्यानंतरही, थांबावे लागते. या मधल्या वर्षांत हाड कसे राखायचे? स्वीडनमध्ये १९८४ मध्ये एक मजेदार उपाय मांडला गेला. परत बसवलेला दात हाडाला चिकटून बसला आणि टिकणार नाही असे दिसले, तर त्याचा दिसणारा भाग कापायचा आणि मूळ मात्र हिरडीखाली तसेच गाडून ठेवायचे. मूळ सावकाश विरते आणि त्याची जागा हाड घेते. कड खचत नाही. निकामी मूळ हे असे भरावाच्या कामी येते.

काळ्या वाळूतला धातू

गिरगाव-लालबागच्या पुष्कळ वाचकांचे गाव कोकणात असेल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट हे खनिज असते. लोखंड आणि टिटॅनियम यांचे ते ऑक्साइड. त्यातून निघणारा टिटॅनियम हा धातू हवेत येताच स्वतःच्या अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढवतो. या थरामुळे तो गंजत नाही आणि शरीराला तो परका वाटत नाही.

हे प्रथम ध्यानात आले ते अपघाताने. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टिटॅनियमची एक छोटी डबी हाडात बसवली होती, तिच्या काचेतून सूक्ष्मदर्शकाने पाहायचे. प्रयोग संपल्यावर डबी काढायला गेले तर ती निघेना. हाड धातूशी एकजीव झाले होते. दुसरा कोणी चिडून डबी फोडून मोकळा झाला असता. ब्रोनेमार्क यांनी त्या चिकटण्याचाच पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात अशी रोपणे बसवली. तो रुग्ण २००६ मध्ये वारला, तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती रोपणे काम देत होती. तरीसुद्धा जगाने हे मान्य केले ते १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर. सतरा वर्षे हा काही थोडा काळ नव्हे, पण तोंडात धातू ठोकण्याचे पूर्वीचे बरेच प्रयत्न इतके फसले होते की शंका घेणाऱ्यांना दोष देता येत नाही.

टिटॅनियमचा आणखी एक गुण यंगच्या गुणांकात दिसतो. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, टिटॅनियमचा ११० आणि जबड्याच्या कठीण हाडाचा १५ ते २०. ताठ वस्तू आणि लवचिक वस्तू एकत्र बांधल्या की भार ताठ वस्तूकडे धावतो आणि शेजारचे हाड बेकार होते. बेकार हाडाचे काय होते ते आपण वर पाहिलेच. टिटॅनियम हाडाइतके लवचिक नाही, पण पोलादाच्या मानाने निम्मे ताठ आहे.

मंडपाचा वासा

इतके असूनही रोपणाच्या तोंडाशी, म्हणजे जिथे ते हाडातून बाहेर पडते तिथे, हाड झिजते. पहिल्या वर्षात १ ते १.५ मिलिमीटर आणि त्यापुढे वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी इतकी झीज चालेल, असा १९८६ मध्ये सर्वमान्य झालेला निकष होता. आज दंतवैद्य याहूनही कमीची अपेक्षा धरतात. तोंडाशीच का, याचे उत्तर तुम्ही घरी मिळवू शकता.

पत्र्याच्या डब्यात ओली वाळू दाबून भरा आणि पेन्सिल अर्धी आत खोचा. वरून सरळ दाबा. वाळूला फारसे काही होत नाही. आता टोक धरून पेन्सिल हलकेच डावीउजवीकडे हलवा. भोकाचे तोंड रुंदावेल, तळ मात्र बराच शाबूत राहील. गणपतीच्या मंडपासाठी रस्त्यात पुरलेल्या वाशाचेही असेच होते. वारा आणि गर्दी त्याला आडवे रेटतात आणि खड्डा रुंदावतो तो तोंडाशी. (रस्ता खणल्याबद्दल पालिका मंडळांना दंड करते, ते वेगळे.)

थोडे गणित करू. समजा ४ मिलिमीटर व्यासाचे रोपण १० मिलिमीटर हाडात आहे आणि १० मिलिमीटर बाहेर. कॅपच्या टोकावर ५० न्यूटनचे आडवे बल लावले. हाड सगळीकडे सारख्याच लवचिकतेचे मानले तर तोंडाशी दर मिलिमीटर खोलीला पडणारे बल = (बल ÷ आतील लांबी) × (४ + ६ × बाहेरील लांबी ÷ आतील लांबी), असे सूत्र येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी बलांचा आणि परिबलांचा समतोल लिहून ते स्वतः काढून पाहावे. आकडे घातले तर ५० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे ४ मिलिमीटर रुंदीवर १२.५ मेगापास्कल दाब मिळतो. आता तोंडाशी ३ मिलिमीटर हाड झिजले असे धरा. आतील लांबी ७, बाहेरील १३. तेच बल, पण दाब जवळजवळ २७ मेगापास्कल! दुपटीहून अधिक. झिजलेले हाड उरलेल्या हाडावरचा ताण वाढवते. प्रत्यक्ष जबडा इतका सरळसाधा नसतो, तरी पहिले मिलिमीटर वाचवण्यासाठी दंतवैद्य का धडपडतात ते यावरून समजेल. पुढच्या दातांत तर हे बल नेहमी तिरपेच असते, कारण खालचे दात वरच्यांच्या मागून येऊन त्यांना ओठाकडे ढकलतात. कॅप घासून तिची टक्कर कमी करणे, हे म्हणूनच नुसते सोयीचे काम नाही.

पण सगळा दोष बलावर टाकणे बरोबर होणार नाही. मोठा गुन्हेगार जंतू आहेत. नैसर्गिक दाताच्या गळ्याशी हिरडीचे तंतू मुळात आडवे रुतलेले असतात आणि जंतूंना अटकाव करतात. रोपणाच्या भोवती ते बहुतांशी त्याला समांतर, कडे घातल्यासारखे असतात. तिथे अन्नाचा चिकटा साचला की सूज, आणि सुजेपाठोपाठ हाडाचे पाडकाम. तंबाखू आणि मिशरीने हिरडीचे नुकसान होते, शिवाय निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. हजारो रुपयांचे रोपण करून घेऊन रोज मिशरी लावणाऱ्यांना दुसरे काय सांगावे!

स्क्रू आणि त्यावरचा जोडखांब यांच्या सांध्यातही अतिसूक्ष्म फट असते आणि तिथे जंतू राहतात. या फटीची गोष्ट गमतीची आहे. १९९१ मध्ये ५ आणि ६ मिलिमीटर व्यासाची रुंद रोपणे बाजारात आली, पण त्यांना जुळणारे रुंद जोडखांब तयार नव्हते. दंतवैद्यांनी नाइलाजाने ४.१ मिलिमीटरचे बसवले. पुढे काही वर्षांनी क्ष-किरण चित्रे पाहिली तर या बेजोड जोड्यांभोवती हाड अधिक टिकलेले दिसले. सांधा कडेपासून आत सरकल्यामुळे जंतू हाडापासून दूर गेले होते. २००६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि आज पुष्कळ रोपणे मुद्दामच अशी बनवतात.

दहा अंशांची मुभा

हाडात भोक पाडण्यासाठी गिरमिट वापरतात आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते. १९८३ मध्ये स्वीडनमध्येच सशांवर प्रयोग करून दाखवण्यात आले की हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट राहिले तर त्याची भरून येण्याची क्षमता बिघडते. शरीर ३७ अंशांवर असते. म्हणजे मुभा फक्त १० अंशांची. चहाचा पहिला घोट याहून कितीतरी गरम असतो. पण तो जिभेवर क्षणभरच राहतो.

समजा बोथट गिरमिटाने १० सेकंदांत २० जूल उष्णता भोवतालच्या अर्ध्या ग्रॅम हाडात ओतली. हाडाची विशिष्ट उष्णता ग्रॅमला अंशामागे सुमारे १.३ जूल. २० भागिले ०.६५, म्हणजे सुमारे ३० अंशांची वाढ! हाड उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती लवकर पसरतही नाही. म्हणून धारदार पाते, बेताचा वेग, थांबून थांबून काम आणि सतत गार सलाईनची धार. अशा मेलेल्या हाडाची करामत त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी रोपण हलू लागले की कळते.

जागेचेही हिशेब आहेत. रोपण आणि शेजारचा दात यांच्यात निदान १.५ मिलिमीटर, दोन रोपणांमध्ये ३ मिलिमीटर आणि ओठाकडे शक्यतो २ मिलिमीटर हाड असावे असे मानतात. दोन दातांमधली हिरडीची टोकदार पाकळी उभी राहील की नाही, याचे १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोजमाप झाले. दात एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हाडाच्या माथ्यापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर पाकळी जवळजवळ नेहमीच फट भरते. ६ असेल तर ५६ टक्के जागी, ७ असेल तर केवळ २७ टक्के जागी. एका मिलिमीटरचा एवढा फरक मोजपट्टीवर विश्वास बसू नये असाच आहे, पण हास्याचे सौंदर्य या मिलिमीटरवर उभे असते.

एके काळी वाटे की दात काढताच त्या खोबणीत रोपण बसवले की ओठाकडची भिंत आपोआप वाचेल. २००५ च्या सुमारास कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांनी ही आशा खोटी ठरवली. भिंत रोपणासाठी नव्हे, दातासाठी होती. तंतू गेले की तीही गेली. आता दात हलक्या हाताने, भिंत न मोडता काढतात, रोपण आणि भिंत यांमधल्या फटीत सावकाश विरणारे हाडाचे कण भरतात. २०१० मध्ये जर्मनीतून याहून धाडसी युक्ती पुढे आली. दाताच्या मुळाचा ओठाकडचा पातळ काप खोबणीतच ठेवायचा आणि त्याच्या मागे रोपण बसवायचे. कापाला चिकटलेले तंतू आणि त्यांच्या रक्तवाहिन्या भिंतीला जगवतात. हे काम फार नाजूक आहे आणि प्रत्येक दाताला चालत नाही. पण मूळ कल्पना मला अत्यंत देखणी वाटते.

रोपण हाडाने धरले की नाही, हे न उपटता कसे कळणार? त्यासाठी एक पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, बाहेरचे टोक छेडा. घट्ट धरली तर सूर उंच. पकड सैल केली तर सूर उतरतो आणि खडखडतो. रोपणावर एक चिमुकला खुंट बसवून त्याला चुंबकीय स्पंदांनी छेडतात आणि त्याची अनुस्पंदन कंप्रता मोजतात. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये मांडलेली ही पद्धत आज १ ते १०० च्या मापनश्रेणीवर वापरतात. दर काही आठवड्यांनी आकडा पाहायचा. चढत असेल तर हाड पकड घेत आहे.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाहता येते. १९४१ पासून तिथे कर्करोगावर उपचार होत आहेत आणि तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येतात. जबड्याचा तुकडा काढावा लागला तर पायाच्या पोटरीतील बारीक हाड त्या जागी लावतात. पायावरचा बहुतेक भार शेजारचे जाड हाड पेलते, त्यामुळे हे काढले तरी माणूस चालू शकतो. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने जबड्यासाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. हाडाचे तुकडे करून त्याला जबड्याचा बाक देतात आणि त्याची रोहिणी मानेतल्या रोहिणीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात, कारण रक्ताशिवाय ते हाड भारानेही जगणार नाही. काही रुग्णांत पुढे याच हाडात रोपणे बसवून त्यांवर दात चढवतात. पोटरीचे हाड मूळ जबड्यापेक्षा कमी उंचीचे असते. म्हणून काही वेळा त्याचे दोन थर एकावर एक ठेवतात. तसे केले नाही तर कॅप उंच होतात, बाहेरची लांबी वाढते आणि वरच्या सूत्रातला तोंडाशी पडणारा दाबही.